चीनमध्ये इंग्रजीची शिक्षिका म्हणून जावे का? माहितगारांनी मार्गदर्शन करावे

प्रश्न (गुहागर)

नमस्कार. मी इंग्रजीत एम.ए. आणि बी.एड. केले असून चार वर्षांपासून एका खासगी शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते आहे. चीनमधील एका शिकवणी केंद्रात लहान मुलांना इंग्रजी शिकवण्याची नोकरी मिळवून देतो, असे एक एजंट म्हणतो. मात्र ‘आत्ता व्यापारी व्हिसावर निघा, तिकडे गेल्यावर तो बदलून घेऊ’ असे त्याचे सांगणे आहे आणि निम्मी रक्कम तो आगाऊ मागतो. वडिलांनी यंदाच्या आंब्याचे पैसे त्यासाठी बाजूला काढून ठेवले आहेत, म्हणून विचारते आहे.

उत्तर (देवगड)

ताई, एक रुपयाही देऊ नका. मी तीन वर्षे ग्वांगडोंग प्रांतातील एका शाळेत इंग्रजी माध्यमातून गणित शिकवले, त्या अनुभवावरून लिहितो.

चीनमध्ये नोकरीसाठी झेड व्हिसाच लागतो. आधी तिथली संस्था तुमच्या नावाने कामाच्या परवान्याचे सूचनापत्र मिळवते, ते दाखवून इथे व्हिसा घ्यायचा आणि पोहोचल्यापासून 30 दिवसांच्या आत निवास परवान्यासाठी अर्ज करायचा, असा क्रम आहे. व्यापारी व्हिसावर शिकवणे हे बेकायदा काम ठरते. त्यासाठी 5,000 ते 20,000 युआन दंड आहे आणि प्रकरण गंभीर असेल तर 5 ते 15 दिवसांची कोठडीही होते. माझ्यासोबत आलेल्या एका मुलाला एजंटने असेच आणले होते. पोलीस चौकशीला आले त्या दिवशी संस्थेने त्याला ओळखण्यासही नकार दिला. त्याचा चेहरा मला अजून आठवतो.

दुसरी अडचण पासपोर्टची आहे. भाषाशिक्षकाने तत्त्वतः आपली मातृभाषाच शिकवावी, असा तिथला नियम असल्यामुळे इंग्रजी कितीही उत्तम असले तरी भारतीय पासपोर्टवर इंग्रजी भाषेच्या शिक्षकाचा परवाना मिळणे फार अवघड जाते. शिवाय जुलै 2021 मध्ये तिथल्या सरकारने शालेय विषयांच्या नफ्यासाठी चालणाऱ्या शिकवण्यांवर कडक बंधने आणली, त्यात इंग्रजीही आले आणि असंख्य केंद्रे बंद पडली. त्यामुळे ‘शिकवणी केंद्र’ हा शब्द ऐकूनच मला शंका आली. भारतीयांना वाव आहे तो आंतरराष्ट्रीय शाळांमध्ये, गणित किंवा विज्ञान यांसारखा विषय इंग्रजीतून शिकवण्याचा.

उत्तर (रत्नागिरी)

वरील मताशी मी पूर्ण सहमत आहे. परदेशी नोकरीसाठी पदवीची कागदपत्रे साक्षांकित, म्हणजे अधिकृत शिक्क्यांनी खरी असल्याची प्रमाणित, करून घ्यावी लागतात. आखातात जाण्यासाठी आमच्या घरातील चौघांची अशी कागदपत्रे करून घेतली, म्हणून एक व्यावहारिक बाब सांगतो. पावसाळ्यात बुरशी लागू नये म्हणून आपल्याकडे पदवी प्रमाणपत्र हमखास लॅमिनेट करून ठेवतात. परंतु साक्षांकनाचे शिक्के मूळ कागदाच्या पाठीवर उमटवायचे असतात, त्यामुळे लॅमिनेट केलेला कागद सहसा परत येतो. माझ्या धाकट्या भावाने तो थर सोलून काढण्याचा प्रयत्न केला तेव्हा विद्यापीठाच्या मोहोरेसकट अर्धा कागद प्लॅस्टिकला चिकटून आला. आपले प्रमाणपत्र आजच पेटीतून काढून पाहा.

प्रश्नकर्ती (गुहागर)

आपणा दोघांचे मनापासून आभार. एजंटला नकार कळवला आहे. प्रमाणपत्र लॅमिनेट केलेलेच निघाले, त्यामुळे विद्यापीठाकडे दुय्यम प्रतीसाठी अर्ज करते आहे. बी.एड.ला माझी दुसरी अध्यापन पद्धती इतिहासाची होती. तो विषय चालेल का?

उत्तर (देवगड)

गणित-विज्ञानाइतक्या जागा इतिहासाला नसतात, पण अर्ज अवश्य करा. मात्र तो थेट शाळेकडेच करा आणि सूचनापत्र हातात आल्याशिवाय इथली नोकरी सोडू नका.