मधुमेही पायाच्या जखमेवर ‘नॅनो-हळद’: कितपत तथ्य?

प्रश्न (वनौषधी-जिज्ञासू): मधुमेहात पायाची जखम महिनोन्महिने चिघळत राहते आणि तिच्यातील स्टॅफिलोकॉकस हा जीवाणू प्रतिजैविकांना दाद देत नाही. हळदीतील कुर्क्युमिन किंवा दारुहळदीतील बर्बेरिन नॅनोकणांत, म्हणजे अतिसूक्ष्म कणांत, भरून अशा संसर्गावर वापरण्याविषयी बरेच वाचनात येते. जखमेवर हळद आपण पूर्वापार दाबतोच. मग नॅनोकणांनी वेगळे काय साधते?

निशिगंध: कुर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही आणि शरीराच्या तापमानाला, सामू 7.2 असलेल्या द्रावणात, अर्ध्या तासात त्याचा सुमारे 90 टक्के भाग विघटित होतो. शिवाय जुनाट जखमेतील जीवाणू शर्करा, प्रथिने आणि डीएनए यांच्या चिकट थराखाली, म्हणजे बायोफिल्ममध्ये, दडलेले असतात. कोळंबीच्या कवचापासून मिळणाऱ्या कायटोसानच्या कणांवर धनभार असल्याने ते ऋणभारित जीवाणूंना चिकटतात आणि आतले औषध तिथेच हळूहळू सुटते.

प्रयोगशाळेतला: बर्बेरिनची गोष्ट मला अधिक बोलकी वाटते. ते स्टॅफिलोकॉकसच्या पेशीत शिरते खरे, पण पेशीच्या पटलावरील नॉरए नावाचा पंप ते लगेच बाहेर फेकतो. दारुहळदीच्याच प्रजातीतील अमेरिकी झुडपांत हा पंप अडवणारे 5'-मेथॉक्सीहिड्नोकार्पिन असल्याचे 2000 साली प्रसिद्ध झाले. त्याला स्वतःला जीवाणूनाशक गुण नाही, मात्र त्याच्या सोबतीने बर्बेरिन कितीतरी कमी मात्रेत काम करते. वनस्पतीतून एकच ‘सक्रिय घटक’ वेगळा काढण्याच्या हव्यासात आपण नेमका हा जोडीदार गमावतो. दोन्ही रेणू एकाच कणात भरले, तर ते एकाच वेळी एकाच पेशीपाशी पोहोचू शकतात, आणि माझ्या मते वाहकाचा, म्हणजे औषध वाहून नेणाऱ्या कणाचा, खरा उपयोग इथे आहे.

शंकासुर: एक सावधगिरी. कायटोसान स्वतःच जीवाणू मारते, त्यामुळे रिकाम्या कणांशी तुलना नसलेल्या शोधनिबंधातून औषधाचे श्रेय ठरवता येत नाही. कुर्क्युमिन तर खोटाच परिणाम दाखवून चाचण्यांना चकवा देणारा रेणू म्हणून बदनाम आहे. 2017 च्या एका विस्तृत आढाव्यात त्यावर बरीच टीका झाली.

वनौषधी-जिज्ञासू: म्हणजे वाहकाची पद्धतच अजून कच्ची आहे का?

शंकासुर: पद्धत कच्ची नाही. मायकोबॅक्टेरियम एव्हियम गटाच्या जीवाणूंमुळे होणाऱ्या चिवट फुप्फुससंसर्गासाठी लायपोसोममध्ये, म्हणजे मेदाच्या सूक्ष्म पुटीत, भरलेल्या, श्वासावाटे घ्यायच्या अ‍ॅमिकॅसिनला अमेरिकेत 2018 मध्ये मान्यता मिळाली. पण त्या कणात आधीच सिद्ध झालेले प्रतिजैविक होते. स्वयंपाकघरातली हळद मात्र निर्जंतुक नसते, तेव्हा मधुमेही जखमेवर ती दाबू नये.