नवऱ्याच्या डिसॅबिलिटीवर मुलांसाठी अर्ज: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही अमेरिकेत असतो. स्ट्रोकनंतर नवऱ्याला सोशल सिक्युरिटी डिसॅबिलिटी (आजारपणामुळे काम करता न येणाऱ्यांना सरकारकडून दरमहा मिळणारे पैसे) मंजूर झाली. त्याच्या रेकॉर्डवर, म्हणजे त्याच्या कामाच्या नोंदीवर, मुलांनाही पैसे मिळू शकतात, हे मला परवा कळलं! १८ वर्षांखालच्या मुलाला वडिलांच्या रकमेच्या निम्म्यापर्यंत, आणि वडिलांचे पैसे त्यामुळे कमी होत नाहीत.

धाकटी ११ वर्षांची, तिचं सोपं वाटतंय. थोरला मात्र दोन महिन्यांत १८ पूर्ण करतोय, बारावीत आहे. पूर्णवेळ शाळा असेल तर पुढेही चालू राहतं, पण त्यासाठी शाळेकडून नेमकं काय भरून घ्यायचं? अर्जाआधीच्या महिन्यांचे पैसेही देतात का? त्याचा जन्मदाखला मराठीत आहे. कुणाला भाषांतर द्यावं लागलं का? सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसला फोन करून तासभर थांबले आणि लाइन कटली, म्हणून इथे विचारतेय.