विंडसरमध्ये घर आणि डेट्रॉइटमध्ये एच-१बीवर नोकरी: रोजची ये-जा नियमात बसते का?

निशिगंध (प्रश्न)

मी भारतीय नागरिक असून गेली चार वर्षे डेट्रॉइटमधील एका कंपनीत एच-१बी या अमेरिकेतील नोकरीच्या व्हिसावर काम करत आहे. पत्नी एच-४वर (एच-१बीधारकाच्या जोडीदाराचा व्हिसा) आहे आणि तिला कामाचा परवाना मिळण्याची सध्या शक्यता नाही. तिची ही चार वर्षे घरात बसून गेली, याची मला टोचणी आहे. आता आम्हा दोघांना कॅनडाचे पीआर (कायम वास्तव्याचा परवाना) मिळाले असून तिला डेट्रॉइटच्या समोर नदीपलीकडे असलेल्या कॅनडातील विंडसरमध्ये तिच्या शिक्षणाला साजेशी नोकरीही मिळत आहे. आम्ही नदीपलीकडे राहायला गेलो आणि मी रोज डेट्रॉइटला येत राहिलो, तर ते व्हिसाच्या नियमांत बसेल का? कंपनी आठवड्यातून दोन दिवस घरून काम करू देण्यास तयार आहे. ज्यांनी असे केले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

औदुंबर

बसते. एच-१बीची अट नोकरी देणारी कंपनी, कामाचे स्वरूप आणि अमेरिकेतील कामाची जागा यांच्याशी बांधलेली असते. तुमचे घर अमेरिकेतच असले पाहिजे, असे त्यात कोठेही नाही. काही जण तुम्हाला टीएन या कामाच्या व्हिसाचा सल्ला देतील, पण तो मार्ग केवळ कॅनडा आणि मेक्सिकोच्या नागरिकांसाठी आहे, त्यामुळे पीआर असलेल्या भारतीयाला त्याचा उपयोग नाही. सीमा लवकर ओलांडण्यासाठीचे नेक्सस कार्ड पीआरधारकांना मिळू शकते आणि त्याने रांगेतला वेळ वाचतो, मात्र व्हिसा आणि आय-९४ (अमेरिकेतील प्रवेशाची नोंद) तरीही लागतातच. पासपोर्टवरील व्हिसाची मुदत संपत आली असेल, तर घर हलवण्यापूर्वी नवा शिक्का घ्या. मुदत संपलेल्या व्हिसावर कॅनडातून तीस दिवसांच्या आत परत येण्याची सवलत आहे खरी, पण ती छोट्या प्रवासासाठी आहे आणि रोजचे आयुष्य तिच्यावर उभे करणे मला धोक्याचे वाटते.

दिवसांची वही मात्र पहिल्या दिवसापासून ठेवा, कारण तोच एक दिवस प्रत्येक खाते वेगळ्या रीतीने मोजते. पीआर टिकवण्यासाठी पाच वर्षांत ७३० दिवस कॅनडात असावे लागते आणि त्यात दिवसाचा काही भाग तेथे घालवला तरी तो पूर्ण दिवस धरला जातो, म्हणजे डेट्रॉइटला जाऊन रात्री घरी परतलात तरी तो दिवस तुमच्या खात्यात जमा होतो. याउलट, एच-१बीच्या सहा वर्षांच्या मर्यादेतून वगळून घेण्यासाठी अमेरिकेबाहेर पूर्ण चोवीस तास काढलेला दिवसच चालतो. शनिवार-रविवार घरी राहिलात, तर ते दिवस पुढे मुदतवाढीच्या अर्जात मागता येतात, पण पुरावा तुम्हालाच द्यावा लागतो.

चाकरमानी

मी ही ये-जा सहा वर्षे केली आणि माझी सर्वांत महागडी चूक करांत झाली, म्हणून त्याबद्दलच लिहितो. पहिल्या वर्षी ज्यांच्याकडून विवरणपत्र भरून घेतले, त्यांनी मला अमेरिकेचा रहिवासी धरले. ते पुढे दुरुस्त करून घेण्यात माझे कित्येक महिने गेले.

कॅनडात घर आणि कुटुंब आले की तुम्ही कॅनडाचे कर-रहिवासी होता आणि तेथे जगभरातील उत्पन्न दाखवावे लागते. अमेरिकेत केलेल्या कामाच्या पगारावर अमेरिका आधी कर घेते, मिशिगनचा ४.२५ टक्के आणि डेट्रॉइट शहराचा अनिवासींसाठीचा १.२ टक्के करही त्यात येतो. या सगळ्याची वजावट कॅनडाच्या करातून मिळते. तरीही बहुधा काही रक्कम तेथे भरावी लागते आणि ती दोन वर्षे ३,००० कॅनेडियन डॉलरांच्या वर गेली की हप्त्यांनी मागितली जाते.

आता तुमच्या दोन दिवसांविषयी. कॅनडातील घरातून अमेरिकेत नियमित ये-जा करणाऱ्याचे कामाचे दिवस अमेरिका करासाठी रहिवास ठरवताना मोजत नाही, पण त्यासाठी एकूण कामाच्या दिवसांपैकी ७५ टक्क्यांहून अधिक दिवस ये-जा झालेली असावी लागते. पाचांपैकी तीन दिवस म्हणजे ६० टक्केच, त्यामुळे ही सवलत हातची जाते. मग आठवड्याला तीन याप्रमाणे ४८ आठवड्यांचे १४४ दिवस मोजले जातात. त्यांत मागील वर्षाचा एक-तृतीयांश आणि त्याआधीच्या वर्षाचा एक-षष्ठांश मिळवला की आकडा २१६ होतो, आणि अमेरिकेचे कर-रहिवासी ठरण्याची मर्यादा १८३ची आहे. दोन देशांतील कर-कराराच्या आधारे कॅनडाचे रहिवासी असल्याचा दावा करता येतो, पण त्यासाठी दर वर्षी वेगळा अर्ज जोडावा लागतो. शिवाय कॅनडात बसून केलेल्या कामाचा पगार हे कॅनडातील उत्पन्न ठरते, आणि त्यावर तेथील करकपात करण्याची जबाबदारी तुमच्या कंपनीवर येऊ शकते. कंपनीच्या पगार विभागाला हे ठाऊक आहे का, ते आधी विचारा. माझ्या कंपनीला ठाऊक नव्हते.

मधुमालती

माझे पती रुग्णालयात नोकरीसाठी पलीकडे जातात, म्हणून घरच्या बाजूने दोन गोष्टी सांगते. ऑन्टारियोच्या आरोग्य विम्यासाठी कोणत्याही बारा महिन्यांत १५३ दिवस प्रांतात असावे लागते. तुम्हाला ते सहज जमेल, पण कामावर असताना डेट्रॉइटमध्ये काही झाले तर तो विमा फारसा उपयोगी पडत नाही, त्यामुळे कंपनीचा विमा सोडू नका. सीमा नेहमी उघडी असेल, असेही गृहीत धरू नका. मार्च २०२०मध्ये अनावश्यक प्रवास बंद झाला, तेव्हा कामाला जाणाऱ्यांना मुभा होती आणि आमचे निभावले. फेब्रुवारी २०२२मध्ये मात्र दोन शहरांना जोडणारा अ‍ॅम्बेसेडर पूल निदर्शकांनी जवळपास आठवडाभर अडवला होता आणि आमची भिस्त नदीखालच्या बोगद्यावर राहिली.

नोकरी गेली, तर एच-१बीवाल्याला अमेरिकेत जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. तुमचे घर तेव्हा विंडसरला असेल, मुले असतील तर त्यांची शाळा बदलणार नाही आणि पत्नीची नोकरी चालू राहील. आम्ही हे एकदा अनुभवले आहे, आणि केवळ एवढ्यासाठीही मी पुन्हा हाच निर्णय घेईन.

निशिगंध

सर्वांचे मनापासून आभार. दोन दिवसांची सवलत आपल्याला अडचणीत आणू शकते, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हते. पाचांपैकी चार दिवस गेलो तर ८० टक्के होतात, म्हणून घरून काम एकाच दिवसावर आणण्याची विनंती मी सोमवारी कंपनीकडे करणार आहे आणि उरलेल्या त्या एका दिवसाच्या करकपातीचे काय, हेही त्याच बैठकीत विचारेन. व्हिसाच्या शिक्क्याची मुदत अजून चौदा महिने आहे. पत्नीने विंडसरची नोकरी काल स्वीकारली.