इंकस्केपसाठी पायथन लिहायला हलका एडिटर कोणता?

वरूडकर: तान्ह्या पोळ्याच्या प्रमाणपत्राचं डिझाइन इंकस्केप या चित्रं काढायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तयार आहे. एक्सेलमधली पोरांची नावं त्यावर आपोआप यावीत म्हणून पायथनमध्ये एक्स्टेंशन, म्हणजे इंकस्केपला जोडायचा छोटा प्रोग्राम, लिहितो आहे. विंडोज १०, रॅम ४ जीबी, नेट मोबाइलचं. व्हीएस कोड हा मोठा कोड एडिटर उघडला की इंकस्केप रांगतं. थॉनी या पायथनच्या सोप्या एडिटरमध्ये कोड चालवायला एफ५ दाबलं तर 'इंकेक्स' हे एक्स्टेंशनला लागणारं मॉड्यूलच सापडत नाही. साध्या नोटपॅडवर भागेल का?

आर्वी_फ्लेक्स: नोटपॅडचा नाद सोडा भाऊ. टॅब कुठं, स्पेस कुठं ते त्यात दिसत नाही, अन् फाइलच्या शेवटी डॉट टीएक्सटी चिकटते ते वेगळंच. नोटपॅड प्लस प्लस घ्या, डाउनलोड काही एमबीचंच आहे. सेटिंगमध्ये टॅबऐवजी ४ स्पेस करा, एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, यूटीएफ-८ ठेवा.

थॉनीचा दोष नाही. तिचं पायथन वेगळं, इंकस्केपचं वेगळं, आणि इंकेक्स इंकस्केपच्याच पायथनमध्ये आहे. त्यामुळं एडिटरमधून रन करायच्या फंदात पडू नका. एडिट, प्रेफरन्सेस, सिस्टिम इथं 'यूजर एक्स्टेंशन्स'चा फोल्डर दिसेल. आयएनएक्स (एक्स्टेंशनची मेनूसाठीची माहिती) आणि पीवाय (पायथन कोड) दोन्ही फाइली तिथं टाका अन् एक्स्टेंशन्स मेनूतून चालवा. पीवाय बदलली तर नुसतं सेव्ह करून पुन्हा चालवायचं. आयएनएक्स बदलली तर मात्र इंकस्केप बंद करून उघडावं लागते.

दारव्हा_डीटीपी: एडिटर कोणताही घ्या, तपासणीसाठी पायथनची प्रिंट कमांड लिहू नका. इंकस्केप स्क्रिप्टच्या आउटपुटलाच नवीन एसव्हीजी, म्हणजे चित्राची फाइल, समजतं. त्यात तुमची ओळ घुसली की चित्र उघडत नाही. त्याऐवजी इंकेक्सचं एररएमएसजी वापरा, स्क्रिप्ट संपल्यावर मजकूर खिडकीत दिसतो.

नावांचं खरं दुखणं एक्सेलमध्ये आहे. साध्या सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली मजकूर फाइल) सेव्ह केलं तर देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात. 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच प्रकार निवडा. पायथनमध्ये ती फाइल वाचताना ओपन कमांडमध्ये एन्कोडिंग सांगा, तेही 'यूटीएफ-८-सिग'. नुसतं यूटीएफ-८ दिलं तर पहिल्या कॉलमच्या मथळ्याला एक अदृश्य चिन्ह चिकटून राहते आणि 'नाव' हा कॉलम सापडतच नाही.

वरूडकर: फॉन्ट श्रीलिपीचा आहे. चालेल?

दारव्हा_डीटीपी: डिझाइन जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात असेल तर नाही. एक्सेलमधली नावं युनिकोड असतील तर त्यात भलतंच उमटेल. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी लावा, आणि छपाईला देण्याआधी पीडीएफ एक्स्पोर्टमध्ये मजकूर पाथमध्ये, म्हणजे नुसत्या रेषाकृतींत, बदला. नाहीतर तिकडे फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली अन् फॉन्ट नसला, तर वेलांट्या बिघडू शकतात.

आर्वी_फ्लेक्स: अजून एक. विजेचा भरवसा नाही म्हणून नोटपॅड प्लस प्लसचा दर ७ सेकंदांचा बॅकअप चालू ठेवा, पण तो बॅकअप म्हणजे सेव्ह नव्हे. कंट्रोल एस दाबलं नाही तर इंकस्केप जुनीच स्क्रिप्ट चालवते, अन् माणूस कोडातली चूक शोधत बसते.