मदत हवी आहे: घरी मोटारसायकलची कामं करायला कोणते पाने घ्यावेत?

नमस्कार मंडळी. मी जुळे सोलापूरला राहतो, रोज स्प्लेंडरवर चिंचोली एमआयडीसीला जाऊन येतो. गाडीची तशी तक्रार नाही. पण मागच्या सर्व्हिसिंगला गॅरेजातल्या पोराने ऑइलचा ड्रेन बोल्ट असा आवळला की इंजिनच्या खालच्या चेंबरचे आटेच गेले. (गॅरेज कुठलं ते विचारू नका. पोरगं चांगलं आहे, घाईत होतं.) आटे पुन्हा पाडून घेतले आणि ठरवलं, ऑइल बदलणं, चेन साफ करून ताणणं, प्लग आणि एअर फिल्टर बघणं एवढं तरी आपण करायचं. इंजिन उघडायची हौस नाही.

गाडीसोबत आलेली पान्यांची पिशवी आहे, पण त्यातली पक्कड कुणीतरी नेली ती नेलीच. उरलेल्या फिक्स पान्यांवर जोर दिला की तोंड फाकतं.

ऑनलाइन सगळीकडे तो ४६ नगांचा सॉकेट संच दिसतो. मागवणारच होतो, पण यादी वाचली तर गोट्या (म्हणजे सॉकेट) ४ पासून १४ मिमीपर्यंतच! माझा ड्रेन बोल्ट १७ चा, मागच्या चाकाचा नटही त्यात बसणार नाही. मग हा संच लोक घेतात कशाला? की माझंच काही चुकतंय? बजेट दोन हजार. टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोराइतकंच आवळायचा पाना) लागेल का?

प्रतिसाद १
चुकत नाही तुमचं. तो संच पाव इंची रॅचेटचा, म्हणजे गोट्या बसवून फिरवायचा दांडा लहान. साइड पॅनल, बॅटरीचं टर्मिनल, इंडिकेटर यांना ठीक. आवळलेल्या मोठ्या नटाला लावलात तर रॅचेटचे दात जातील आणि बोटंही सोलतील. नग मोजून हत्यार घेऊ नये, गाडीचे नट मोजून घ्यावं.

सुटे रिंग पाने (बंद तोंडाचे) घ्या: १०-११, १२-१३, १४-१५, १६-१७, १८-१९. नाशिकच्या टपारियाचे मी कित्येक वर्षं वापरतोय, अजून एकही फाकला नाही. ड्रेन बोल्टसाठी अर्धा इंची दांड्यावर बसणारी १७ ची वेगळी गोटी घेणार असाल तर सहा कोनी घ्या. बारा कोनी गोटी झिजलेल्या बोल्टचं डोकं पटकन गोल करते. प्लगचा पाना पिशवीतलाच ठेवा. प्लगचे आटे १० मिमीचे असतील तर सहसा १६ चा लागतो, १२ ला १८ चा, १४ ला २१ चा. शेजाऱ्याचा मागून आणाल तर बसेलच असं नाही.

आणि प्लसचा स्क्रू ड्रायव्हर चांगला घ्या, इथे पैसे वाचवू नका. अशा गाड्यांवरच्या जपानी पद्धतीच्या स्क्रूची खाच नेहमीच्या प्लसपेक्षा, म्हणजे फिलिप्सपेक्षा, जरा वेगळी असते. फिलिप्स लावून जोर दिला की तो खाचेतून वर चढतो आणि स्क्रूचं डोकं खातो. मग बसा ड्रिल मारत.

प्रतिसाद २
टॉर्क रेंचवर खर्च करू नका. लांब दांडा लावून बोल्ट आवळायचा नाही, एवढं पाळलं तरी पुरे.

प्रतिसाद ३
वरच्यांशी असहमत. चेंबर ॲल्युमिनियमचं, बोल्ट लोखंडी. हाताचा अंदाज यायला चार-पाच वेळा चुकावं लागतं आणि यांचं एकदा चुकून झालंय. टॉर्क रेंच पुढेमागे घ्याच. तोवर दर वेळी नवा वॉशर टाका. जुना दबलेला असला की गळतं आणि गळतं म्हणून माणूस अजून आवळतो. आटे जातात ते असेच.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. रिंग पाने, १७ ची गोटी आणि प्लसचा ड्रायव्हर पक्का. टॉर्क रेंच दिवाळीला. चेन धुवायला रॉकेल कुठे मिळत नाही, पेट्रोल चालेल का? आणि काढलेलं ऑइल कुठे टाकायचं?

प्रतिसाद १
पेट्रोल नको, डिझेल घ्या. चेन ताणताना मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्याच घरावर ठेवा, नाहीतर चाक तिरकं बसेल. किती ढिली ठेवायची ते मॅन्युअलमध्ये आहे. तुमच्या चेनकव्हरला रबरी बूच असेल, ते काढून बोटाने बघता येतं. ऑइल गटारात ओतू नका. कॅनमध्ये भरून त्याच गॅरेजच्या पोराला द्या, त्यांच्याकडून ते नेणारे येतात. खाली जुनी चादर अंथरली असेल तर सोलापुरी नको, डाग पडला की घरातले बोलतील.