घरच्यांच्या हरकतीने लग्न अडत नाही

एकाने विचारलंय, नोंदणी लग्नाची नोटीस (लग्न करणार असल्याची कार्यालयात लावलेली सूचना) लागल्यावर आईवडिलांनी हरकत घेतली तर लग्न थांबतं का? नुसत्या नाराजीने नाही. विशेष विवाह कायदा, 1954 प्रमाणे वय (मुलगा 21, मुलगी 18), आधीचा जोडीदार हयात असणं, जवळचं नातं, संमती देण्याची मानसिक क्षमता, एवढ्याच मुद्द्यांवर हरकत चालते. जात-धर्म हा मुद्दाच नाही.

जिथे नोटीस द्यायची त्या जिल्ह्यात दोघांपैकी एकजण त्याआधी किमान 30 दिवस राहिलेला हवा. नोटिशीनंतर 30 दिवस थांबायचं, पण नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न उरका, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. साक्षीदार तीन लागतात; आमच्या वेळी तिसरा ऐनवेळी आला नाही. बाहेर रांगेतले एक काका आपणहून सहीला उभे राहिले. अजून दिवाळीला त्यांच्याकडे जातो. तुम्ही मात्र चौघांना सांगून ठेवा.