उशाहिदीचा नकाशा मोठा की मझालेंडोची वही?

लिंबूटिंबू (धागाकर्ती)
केनियाच्या ओरी ओकोलोचं नाव निघालं की सगळे 'उशाहिदी' या ऑनलाइन नकाशापाशी येऊन थांबतात. माझं मत वेगळं आहे. नकाशाचं कौतुक फार झालं. त्याआधीचं तिचं कंटाळवाणं काम जास्त मोलाचं होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ओरी शिक्षणानं वकील, 'केनियन पंडित' नावाचा ब्लॉग लिहायची. २७ डिसेंबर २००७ ला निवडणूक झाली. ३० तारखेला निकाल लागला न लागला तोच घाईघाईनं राष्ट्राध्यक्ष म्वाई किबाकींचा शपथविधी उरकला, आणि थेट प्रक्षेपणावर बंदी. दंगली पेटल्या. दोन महिन्यांत अकराशेवर माणसं गेली, लाखो बेघर झाली. लोक ओरीच्या ब्लॉगवर आपापल्या भागातल्या हकिकती कळवू लागले. ३ जानेवारीला तिनं विचारलं, कुठे काय घडतंय ते गूगलच्या नकाशावर मांडायला कुणी मदत करेल का? एरिक हर्समन, डेव्हिड कोबिया, जुलियाना रोटिच वगैरे मंडळींनी काही दिवसांत ते उभं केलं. उशाहिदी म्हणजे स्वाहिलीत साक्ष.

पण त्याच्या आधीच तिनं कॉनरॅड अकुंगाबरोबर 'मझालेंडो' (देशभक्त) सुरू केलं होतं. संसदेची स्वतःची वेबसाइट होती, पण आपले बायोडाटा जगजाहीर झाल्याची काही खासदारांना लाज वाटली, त्यांनी ओरड केली आणि ती बंद पडली! मग या दोघांनी फावल्या वेळात खासदारवार नोंदी चढवायला घेतल्या: कोण बोललं, काय बोललं, कोण गप्प बसलं. दंगल नसतानाही रोज लागणारं काम हे. बोला.

नैरोबीकर
साफ असहमत. त्या जानेवारीत मी इथेच होतो. दुकानं बंद, रिचार्जची स्क्रॅच कार्डं मिळेनात, शेजाऱ्याकडे एक उरलं होतं ते दोन घरांत मिळून वापरलं. द्वेषाचे एसेमेस पुढे पाठवू नका असा सरकारचा एसेमेस यायचा, पण एल्डोरेट शहराकडे नेमकं काय चाललंय ते कळायचं नाही. १ जानेवारीला तिथे कियांबाच्या चर्चमध्ये आसऱ्याला आलेल्या बायकामुलांना जाळलं. अशा वेळी सरकारच्या हाताबाहेर कुठेतरी जागेसकट, तारखेसकट नोंद राहते आहे याची किंमत लांबून कळायची नाही. खासदाराची हजेरी नंतरही मोजता येते हो.

खवचट काका
त्या वेळी नेट होतं किती जणांकडे? आणि कुणीही काहीही कळवावं, खरंखोटं कोण बघणार? याच कोबियांचा 'मशाडा' नावाचा चर्चेचा अड्डा होता. त्याच महिन्यात तिथे जमातींवरून इतकी घाण सुरू झाली की त्यांनी स्वतःच तो बंद केला आणि 'आय हॅव नो ट्राइब' म्हणून नवं पान काढलं. म्हणजे एका हातानं साक्ष गोळा करायची, दुसऱ्या हातानं तोंडं बंद करायची. मी त्यांना दोष देत नाही, मीही तेच केलं असतं. पण मग अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे ढोल जरा हळू वाजवा.

गवती चहा
काका, खरंखोटं बघण्याचा प्रश्न रास्त. पण जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला तेव्हा उशाहिदीचंच सॉफ्टवेअर वापरलं. लोक ४६३६ या नंबरवर क्रिओल या तिथल्या भाषेत एसेमेस करत आणि परदेशातले हैतीकर ते इंग्रजीत आणून देत. मझालेंडोची वही हैतीला काय उपयोगाची? (अवांतर: २००९ च्या लोकसभेला आपल्याकडेही 'व्होट रिपोर्ट इंडिया' याच सॉफ्टवेअरवर चाललं होतं.)

बाकावरचा
दोन्ही कौतुकं ठीक, पण जोखीम कुणी घेतली? ओरीनं मदतीची हाक दिली ती जोहान्सबर्गहून, पुढे ती गूगलमध्ये गेली. इथिओपियाचे 'झोन ९' वाले ब्लॉगर बघा. अदिस अबाबाच्या कालिती तुरुंगाचे आठ झोन, बाहेरचा सगळा देश म्हणजे नववा, म्हणून हे नाव. एप्रिल २०१४ मध्ये सहा ब्लॉगर आणि तीन पत्रकार एकदम आत, दहशतवादाचे आरोप. खटल्यातले शेवटचे लोक सुटायला ऑक्टोबर २०१५ उजाडला.

लिंबूटिंबू
@बाकावरचा, देश सोडणाऱ्या बाईला 'जोखीम कुठे' विचारणं मला पटत नाही. तुरुंगवासावरून लेखनाची प्रत ठरवायची का?

@नैरोबीकर, हजेरी नंतर मोजता येते म्हणता, तर मे २०२५ चंच बघा. रोझ न्जेरी या केनियाच्या तरुण प्रोग्रामर बाईनं एक साधं पान केलं: बटण दाबलं की वित्त विधेयकावरची तुमची हरकत मेलनं संसदेच्या समितीकडे जाणार. एवढंच. तिला अटक झाली, सायबर कायद्याखाली आरोप लागले, जूनमध्ये कोर्टानं ते फेटाळले. नकाशा नाही, दंगलीचे फोटो नाहीत, फक्त खासदारांची मेलपेटी भरली. सत्तेला नेमकं काय झोंबतं ते यावरून ठरवा.

नैरोबीकर
न्जेरीचं मान्य. त्या शनिवार-रविवारी इथे दुसरा विषय नव्हता. पण ती आत आहे हे आम्हाला कळलं कसं? लोकांनी फोनवरून एकमेकांना सांगितलं म्हणूनच ना. तुमच्या वहीत ते सोमवारी चढलं असतं.